ऑइलचा लाल दिवा लागला म्हणजे इंजिन गेलं? जुन्या ट्रकचं ऑइल प्रेशर कमी का होतं आणि दोष कसा शोधायचा?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला ट्रक खंबाटकी घाट चढून वर आलाय. माल पूर्ण भरलेला, दुपारचं ऊन, इंजिन चांगलंच तापलेलं. पुढे वाहतूक अडली म्हणून चालक गाडी न्यूट्रलला टाकतो आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. ॲक्सिलरेटर दिला की विझतो, सोडला की पुन्हा लागतो.

जुनी गाडी चालवणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. मालकाला फोन जातो, मालक ओळखीच्या मिस्त्रीला फोन लावतो आणि बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक तर 'सेन्सर गेला असेल, येऊ द्या हळूहळू' किंवा मग 'इंजिन खोलावं लागेल'.

पहिलं उत्तर चुकलं तर क्रँकशाफ्ट जातो. दुसरं चुकलं तर काही शे रुपयांच्या सेन्सरसाठी आख्खं इंजिन उघडलं जातं, गाडी कितीतरी दिवस गॅरेजमध्ये उभी राहते आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. ज्याच्याकडे एकच गाडी आहे, त्याच्यासाठी हा फरक वर्षभराच्या कमाईचा असू शकतो.

या दोन उत्तरांच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे. आधी मोजायचं, मग उघडायचं. तो कसा, ते समजून घेऊ.

दिवा लागला तर आधी काय करायचं?

गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, हँडब्रेक लावा आणि मगच इंजिन बंद करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. चालत्या गाडीत इंजिन बंद केलं तर पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि उतारावर इंजिनचा आधारही जातो. घाटात ही चूक इंजिनपेक्षा महाग पडू शकते.

गाडी उभी राहिली की मात्र रेंगाळू नका. टर्बोची गाडी बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवायची, ही एरवी चांगली सवय. पण ऑइलचा दिवा लागलेला असताना ती बाजूला ठेवायची. कारण ऑइल पोहोचतच नसेल, तर आयडलवरचं प्रत्येक मिनिट बेअरिंगवर जातं.

'पुढच्या ढाब्यापर्यंत नेऊ' हा विचार सगळ्यात धोक्याचा. दिव्यासोबत इंजिनमधून खट्-खट् आवाज येत असेल, तर पुन्हा सेल्फ मारायचाच नाही. गाडी ओढूनच न्यायची.

ऑइल प्रेशर म्हणजे नेमकं काय?

मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत मला एक प्रश्न आला होता: ऑइल पंप काय तयार करतो? मी आत्मविश्वासाने सांगितलं, 'प्रेशर'. उत्तर चूक होतं.

पंप फक्त ऑइल ढकलतो, म्हणजे प्रवाह तयार करतो. त्या प्रवाहाला पुढे जितका अडथळा होतो, तितकं प्रेशर तयार होतं. अंगणात पाइपने पाणी मारताना तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं, तसंच. अंगठा काढला की पाणी तितकंच येतं, जोर जातो.

इंजिनमध्ये अंगठ्याचं काम करतात क्रँकशाफ्टची मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची बिग एंड बेअरिंग आणि कॅमशाफ्टची बुश. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात साधारण केसाच्या जाडीइतकी फट ठेवलेली असते. त्या फटीत ऑइलचा थर तयार होतो आणि क्रँक त्या थरावर तरंगत फिरतो. लोखंड बेअरिंगला लागतच नाही. थर तुटला की मात्र काही सेकंदांत धातू धातूवर घासायला लागतो.

जास्त किलोमीटर झाले की प्रेशर का उतरतं?

कारण ती फट वाढते. इथलं गणित फार निष्ठुर आहे. प्रेशर आणि ऑइलचा दाटपणा तोच राहिला, तर फटीतून निसटणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे फट दुप्पट झाली तर निसटणारं ऑइल आठपट होतं. म्हणूनच गाडी वर्षानुवर्षं ठीक चालते आणि मग थोड्याच महिन्यांत प्रेशर झपाट्याने उतरल्यासारखं वाटतं.

दुसरं कारण उष्णता. ट्रकमध्ये सर्रास वापरलं जाणारं १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंश सेल्सिअसला जितकं दाट असतं, त्याच्या साधारण सातव्या हिश्शाइतकंच दाट ते १०० अंशांना उरतं. त्यात आयडलवर पंप सगळ्यात हळू फिरतो. पातळ ऑइल, संथ पंप आणि वाढलेली फट या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की दिवा लागतो. म्हणून तो नेमका घाट चढून आल्यावर, गाडी उभी असताना दिसतो. सकाळी थंड इंजिनवर सगळं उत्तम दिसतं.

किती प्रेशर म्हणजे कमी?

उदाहरणासाठी कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं बी सिरीज इंजिन घेऊ. टाटा आणि कमिन्स यांच्या १९९३ मधल्या भागीदारीतून जमशेदपूरला आणि नंतर आपल्या साताऱ्यातल्या फलटणलाही इंजिनांचे कारखाने उभे राहिले. ५.९ लिटरचं हे इंजिन टाटाच्या कितीतरी जुन्या ट्रकांत आहे.

या इंजिनासाठी गरम असताना कंपनीने दिलेले आकडे असे:

- आयडलवर किमान १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार
- रेटेड स्पीडला किमान ३० पीएसआय, म्हणजे सुमारे २.१ बार
- प्रेशर रेग्युलेटर व्हॉल्व्ह साधारण ६५ पीएसआयला, म्हणजे ४.५ बारला उघडतो

हे आकडे नीट वाचले तर एक गोष्ट लक्षात येते. नवी असताना आयडलवर ३० दाखवणारी गाडी आता गरम असताना १५ दाखवत असेल, तर इंजिन झिजलंय हे खरं, पण ते कंपनीच्या मर्यादेत आहे. ते आज उघडायची गरज नाही, त्याच्यावर नजर ठेवायची गरज आहे.

प्रत्येक इंजिनाचे आकडे वेगळे असतात. तुमच्या गाडीचे आकडे तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतील. दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

पायरी १: पट्टी काढा, बघा, वास घ्या

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर १० ते १५ मिनिटांनी ऑइलची पट्टी काढा. तीन गोष्टी बघा.

लेव्हल कमी आहे? मग पंप अधूनमधून हवा ओढत असेल. चढ, वळण किंवा जोरात ब्रेक लागताना काटा पडतो, तो यामुळे. ऑइल भरा, पण ते गेलं कुठे, हेही शोधा.

लेव्हल न भरता वाढली आहे? ही वाढ शुभ नाही. ऑइलमध्ये डिझेल उतरतंय का ते बघा. पट्टीला डिझेलचा वास येईल, ऑइल बोटांवर पाण्यासारखं पातळ लागेल. थेंब गाळणारा इंजेक्टर, फीड पंप किंवा इंजेक्शन पंपाचं सील ही नेहमीची कारणं. पातळ ऑइलमुळे उतरलेलं प्रेशर गळती थांबवून ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर परत येऊ शकतं.

रंग दुधाळ, चहासारखा आहे? मग रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये गेलंय. हेड गॅस्केट, ऑइल कूलर किंवा ओल्या लायनरचं इंजिन असेल तर लायनरच्या ओ-रिंग तपासाव्या लागतील. रेडिएटरमध्ये ऑइलचा तवंग दिसतो का, हेही बघा. असं ऑइल असताना इंजिन चालवू नका.

याच वेळी दोन प्रश्न विचारा. मागच्या सर्व्हिसला कोणत्या ग्रेडचं ऑइल घातलं? आणि दिवा सर्व्हिसनंतर लगेच लागायला लागला का? उत्तर 'हो' असेल, तर संशयाची सुई आधी नव्या फिल्टरवर, ऑइलवर आणि त्या दिवशी झालेल्या कामावर जायला हवी.

पायरी २: डॅशबोर्डवर नाही, मेकॅनिकल गेजवर विश्वास ठेवा

संपूर्ण तपासणीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि बहुतेक वेळा वगळली जाते तीही हीच.

डॅशबोर्डवरचा काटा थेट प्रेशर मोजत नाही. इंजिनवर बसवलेला सेन्सर विजेचा संदेश पाठवतो, तो वायरमधून, कनेक्टरमधून, अर्थिंगमधून गेजपर्यंत येतो. जुन्या ट्रकमध्ये यातला कुठलाही दुवा सैल असू शकतो. दिव्याचा स्विच तर वेगळाच असतो आणि तोही खराब होतो.

म्हणून सेन्सर काढायचा, त्याच्या जागी योग्य आट्याचं कनेक्शन लावून मेकॅनिकल गेज जोडायचा. नळी एक्झॉस्टपासून लांब ठेवायची. गरम ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर उडालं तर आग लागू शकते.

ही चाचणी ऑइलची लेव्हल बरोबर असेल आणि इंजिनमधून खटखट येत नसेल तरच करायची. सुरू केल्यावर काही सेकंदांत काटा हललाच नाही, तर लगेच बंद करायचं.

तीन आकडे लिहून घ्या: थंड इंजिन आयडलवर, पूर्ण गरम इंजिन आयडलवर आणि पूर्ण गरम इंजिन जास्त आरपीएमला. 'पूर्ण गरम' म्हणजे उभ्या गाडीत पाच मिनिटं नव्हे, तर गाडी फिरवून आणल्यावर. सोबत पाण्याचं तापमानही बघा. इंजिन मुळातच जास्त तापत असेल, तर आधी कूलिंगचा दोष काढावा लागेल.

मेकॅनिकल गेजवर तिन्ही आकडे मर्यादेत असतील तर अभिनंदन. दोष सेन्सरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे.

पायरी ३: काटा कसा हलतो, ते वाचा

आकडा जितका सांगतो, तितकीच काट्याची चालही सांगते.

- थंड असताना ठीक, गरम आयडलवर कमी, आरपीएम वाढवला की चांगलं: बेअरिंगची झीज किंवा पातळ झालेलं ऑइल. आधी ऑइल तपासा.
- सगळ्या आरपीएमला कमी, फारसं वाढतच नाही: उघडा अडकलेला रेग्युलेटर व्हॉल्व्ह, तुटलेली स्प्रिंग, झिजलेला पंप किंवा आतल्या ऑइल लाइनमधली मोठी गळती.
- आधी वाढतं, मग जास्त आरपीएमला पडतं: पंपाला पुरेसं ऑइल ओढता येत नाही. स्ट्रेनरची जाळी तुंबलेली असू शकते.
- काटा थरथरतो: पंप हवा ओढतोय. लेव्हल कमी, सक्शन पाइपला तडा किंवा त्याचं पॅकिंग गेलेलं.
- कालपर्यंत ठीक, आज अचानक पडलं: झीज एका रात्रीत होत नाही. व्हॉल्व्ह, सुटलेला प्लग, तुटलेलं पिस्टन कूलिंग नोझल किंवा फिल्टर बघा. मात्र आवाज येत असेल, तर बेअरिंग फिरल्याची शक्यता धरूनच चाला.

पायरी ४: फिल्टर फेकू नका, कापा

जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघितला तर इंजिन न उघडता आतला हाल कळतो. कागद पिळून ऑइल काढा, उन्हात धरा, एक साधं लोहचुंबक फिरवा.

चुंबकाला चिकटणारे कण लोखंड-पोलादाचे, म्हणजे क्रँक, कॅम, गिअर किंवा रिंगचे. न चिकटणारे, तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर बेअरिंगचा वरचा मऊ थर जाऊन खालचा तांब्याचा थर उघडा पडल्याची शंका घ्या. टर्बोची किंवा इतर बुशही तांब्याची असतात, म्हणून ही शंका आहे, निकाल नाही. चमकणारे पातळ पापुद्रे भरपूर असतील, तर गाडी पुढे चालवू नका.

ज्यांच्याकडे चार-सहा गाड्या आहेत, त्यांनी ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणं फायद्याचं. लोखंड, तांबं, शिसं किती, डिझेल किती मिसळलंय, धूळ किती गेलीय, हे सगळं अहवालात कळतं. एका अहवालापेक्षा ओळीने आलेले तीन-चार अहवाल जास्त बोलतात.

पायरी ५: स्वस्त ते महाग या क्रमाने उघडा

मेकॅनिकल गेजनेही प्रेशर कमी दाखवलं, ऑइल आणि फिल्टर बदलूनही फरक पडला नाही, तरच पाना हातात घ्यायचा. त्यातही क्रम आहे.

आधी रेग्युलेटर व्हॉल्व्ह. कमिन्सच्या ५.९ लिटर इंजिनात तो ऑइल फिल्टरच्या हेडमध्येच असतो. चेंबर न उतरवता बाहेरून काढता येतो. त्याचा प्लंजर हाताने सहज सरकला पाहिजे. कचरा, चरे किंवा मोडकी स्प्रिंग दिसली तर दोष इथेच सापडला.

मग चेंबर उतरवा. जाळीवर गाळ, गॅस्केट सिलिकॉनचे तुकडे, चिंधीचे धागे असं काय काय सापडतं. सक्शन पाइपचा तडा आणि पॅकिंग बघा. सगळी नोझल जागेवर आहेत का, तेही इथूनच समजतं.

चेंबर खाली आहेच, तर एक बिग एंड आणि एक मेन बेअरिंगची कॅप काढून बघा. बेअरिंग राखाडी आणि गुळगुळीत असेल तर बरं. तांबं दिसत असेल, चरे असतील तर बदलायलाच हवं. फट अंदाजाने ठरवू नका. प्लॅस्टीगेज नावाची मेणासारखी बारीक तार मध्ये ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळायची, पुन्हा काढायची आणि चपट्या झालेल्या तारेची रुंदी पट्टीवर मोजायची. फट थेट मिलिमीटरमध्ये मिळते.

क्रँकचं जर्नल मायक्रोमीटरने मोजा. ते मापात आणि गोल असेल, तर फक्त बेअरिंगचे नवे शेल बसवून काम होऊ शकतं. नसेल तर क्रँक घासून ०.२५, ०.५० मिमी अशा अंडरसाइझ बेअरिंग बसवाव्या लागतात.

शेवटी ऑइल पंप. या इंजिनात तो पुढच्या बाजूला, गिअर कव्हरच्या मागे असतो. त्याच्या आतल्या फटी मोजूनच तो बदलायचा की नाही ते ठरवा. पंप नवा आणि बेअरिंग जुनी, असं केलं तर थोडे दिवस काटा वर दिसेल, पण ऑइल जिथून निसटतंय ती जागा तशीच राहील.

'रिंग-पिस्टन बदलू, प्रेशर येईल': खरं की खोटं?

खोटं. रिंग झिजल्या की इंजिन ऑइल खातं, धूर आणि ब्रीदरमधून वाफ वाढते. पण ऑइलचं प्रेशर रिंगवर ठरत नाही. प्रेशर ठरतं ते पंप, व्हॉल्व्ह, ऑइल आणि बेअरिंगच्या फटींवर. तक्रार प्रेशरची असेल आणि अंदाजपत्रकात फक्त रिंग-पिस्टन असतील, तर 'बेअरिंगचं माप किती आलं?' हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणखी काही जुगाड सर्रास चालतात.

दाट ऑइल घालणं: २०डब्ल्यू-५० घातलं की गरम आयडलवर काटा थोडा वर येतो. पण झीज तशीच राहते, सकाळी थंड इंजिनमध्ये ते वरपर्यंत पोहोचायला उशीर लागतो. कंपनीने तो ग्रेड चालेल असं म्हटलं असेल तरच घाला.

व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक करणं: हा व्हॉल्व्ह ६५ पीएसआयच्या आसपास उघडतो. आयडलवर प्रेशर ८ असेल तर तो आधीच बंद आहे. बंद दाराला आणखी एक कडी लावून काय मिळणार? उलट थंड इंजिनमध्ये प्रेशर गरजेपेक्षा वाढून फिल्टर किंवा पॅकिंग फुटू शकतं.

दिव्याची वायर काढणं: याबद्दल काही सांगायची गरज नसावी, पण हे केलं जातं. गाडी विकतानाही केलं जातं.

जुना ट्रक घेताय? मग हे करा

विकणारा गाडी आधीच सुरू करून दाखवेल किंवा थंड इंजिनवर काटा दाखवेल. दोन्हीवर जाऊ नका.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब, वायर किंवा नियत, यातलं काहीतरी खराब आहे. मग गाडी चांगली तासभर फिरवा, शक्य असेल तर चढावर, आणि परतल्यावर गरम आयडलवर मेकॅनिकल गेज लावून आकडा घ्या. गेज लावू देत नसतील, तर किंमत त्या हिशेबाने धरा.

एक वही, तीन आकडे

प्रेशरचा एकटा आकडा फारसं सांगत नाही, त्याचा प्रवास सांगतो. म्हणून प्रत्येक ऑइल बदलीनंतर त्याच परिस्थितीत घेतलेले तीन आकडे, तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड एका वहीत लिहून ठेवा. गरम आयडलवर १८, मग १७, मग १६ असं उतरत असेल तर गाडी नेहमीसारखी म्हातारी होतेय. काम कधी काढायचं, हे तुम्ही ठरवू शकता: हंगाम संपल्यावर, पैसे हाताशी असताना, ओळखीच्या गॅरेजमध्ये.

१८ वरून थेट ९ वर आलं, तर काहीतरी घडलंय. तेव्हा गाडी उभी करा आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात करा. पट्टी काढायला पाच मिनिटं आणि एक चिंधी लागते.